काही लक्षात न ठेवणारा

व्यंकटराव गेल्याचं अख्ख्या एन-फोर कॉलनीला कळलं, इंटरनेटला तेवढं कळेना. भानुमतीबाई मोबाईलवर येसराच्या आमटीची कृती बघायला जात आणि आमटीत मीठ पडायच्या आत मधेच एक पलंग उगवे. पेशंटचा, डोक्याकडून वर होणारा. खाली व्हीलचेअर, घरपोच. कॉम्प्युटरवर पेपर उघडावा तर तिथंही तोच पलंग हजर.

"दोन महिने झाले गं त्यांना जाऊन," बाई फोनवर लेकीला म्हणाल्या. "यांना कुणीतरी सांगा."

म्हणून रविवारी मनस्विनी पुण्याहून आली. "आई, ब्राउझरच बदलू. मोबाईल, कॉम्प्युटर, दोन्हीकडे एकच. तुझ्या मागं मागं न फिरणारा, इकडचं तिकडं न सांगणारा." तिनं तीन ब्राउझरांची चित्रं दाखवली. कोल्हा, सिंह आणि बदक.

"सिद्धार्थ गार्डनला प्राणी बघायला निघालोय का आपण?" बाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी दोघी हसल्या.

हसायला बाईंजवळ तसं काही उरलं नव्हतं. समाधान मात्र एक होतं. कॅन्सर आहे हे व्यंकटरावांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्वादुपिंडाचं सांगितलं, त्याच दिवशी घरात ठरलं की अल्सर म्हणायचं. सात आठवडे सगळे अल्सर म्हणत राहिले. भेटायला येईल त्याला बाई सांगत, "त्यांना कळलं नाही, तेवढं देवानं केलं." भांडी घासणाऱ्या चंपाबाईला तर तीनदा सांगून झालं होतं.

मनस्विनी कॉम्प्युटरपुढं बसली. "आधी जुन्यातला इतिहास पुसते."

"कसला इतिहास?"

"काय काय शोधलं त्याची यादी."

"मग दाखव तरी."

यादी मागं मागं सरकत फेब्रुवारीत गेली. तिथं लिहिलं होतं, 'स्वादुपिंड कॅन्सर किती दिवस जगतो'.

"हे मी विचारलेलं," बाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, मोबाईलवर. इथं कसं आलं?"

मनस्विनीनं बाईंचा मोबाईल उघडून पाहिला. "तुझ्या मोबाईलवर बाबांचंच खातं आहे, आई."

होतं खरं. त्यांनीच घालून दिलं होतं. घर एक, पासवर्ड कशाला दोन, म्हणाले होते.

त्याच दिवशी, दुपारी चार वीसला, दुसरा प्रश्न होता, घरच्या कॉम्प्युटरवरून विचारलेला. 'मोबाइलवर शोधलेलं कॉम्प्युटरवर का दिसतं'. चार चाळीसला तिसरा. 'काही लक्षात न ठेवणारा ब्राउझर'.

त्यानंतर त्यांचा एकही नाही. पुढचे सात आठवडे एकट्या बाईंचे प्रश्न. भात पचेना तर काय द्यावं. पोट दुखतंय तर कुठल्या कुशीवर निजवावं. आणि मार्चमधल्या एका सकाळी, 'नवऱ्याशी खोटं बोलल्याचं पाप लागतं का'.

बाईंना त्याच दिवशीची संध्याकाळ आठवली. मऊ भाताचा घास तोंडात फिरवत व्यंकटराव एकदम म्हणाले होते, "भानू, अल्सरला आज बरंच बरं आहे हं." रिपोर्टचं विचारणं त्यांनी कधीच सोडलं होतं. बाईंना वाटलं होतं, विसरले.

पडद्याच्या कोपऱ्यात, फोल्डरांच्या गर्दीत, कोल्हा आधीपासूनच बसलेला होता. मनस्विनीनं उघडला. कोरं पान. बंद केलं की सगळं आपोआप पुसलं जावं, असं लावून ठेवलेलं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं फायली सांभाळलेला माणूस, एसटीचं तिकीटसुद्धा न फेकणारा. त्यानं एक ओळ मागं ठेवली नव्हती.

बाईंनी एका बोटानं 'स्वा' टाइप केलं. खाली काहीच आलं नाही.

"काय विचारत असतील गं यात?"

"नाही कळणार आई."

बाईंनी पदरानं कीबोर्ड पुसला. तसा तो स्वच्छच होता.

"मोबाईलवर कुठला टाकू?" मनस्विनीनं विचारलं.

"हाच."

"आणि जुन्यातलं पुसू?"

"नको. त्यात आमचं बोलणं झालंय."

मागल्या दारानं चंपाबाई आली. भांडी बाहेर नेता नेता कॉम्प्युटरपुढं बसलेल्या दोघींकडं बघून म्हणाली, "सायबांची लई आठवण येती का? पर शेवटपोत्तर त्यान्ला काय कळलं नाय, तेवढं बरं झालं बगा."

मनस्विनीनं आईकडं पाहिलं.

"हो ना बाई," भानुमतीबाई म्हणाल्या. "अल्सर, अल्सर करतच गेले."