जनाबाईच्या पाटल्या

दिवाळीत मासेवालीला कुत्रंही विचारत नाही. वसुबारसेपासून लोक फराळाच्या मागे लागतात आणि पापलेट बर्फात पडून राहतं. म्हणून कोपरीची जनाबाई त्या दिवसांत पाटी पालथी घालून स्टेशनचा पूल ओलांडायची आणि जांभळी नाक्याच्या बाजारात खरेदीला जायची. यंदाही ती गेली, पण तिला काही घ्यायचं नव्हतं. तिला एक माणूस हवा होता.

गेल्या दिवाळीत त्या माणसानं तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या नेल्या होत्या. ओरबाडून नेल्या असत्या तर जनाबाई चार शिव्या देऊन गप्प बसली असती. तिनं त्या स्वतःच्या हातानं काढून दिल्या, ही खरी आग होती.

तेव्हा नाक्यावर पोलिसांचा लाऊडस्पीकर बोंबलत होता, गर्दी आहे, दागिने सांभाळा. त्याच स्पीकरखाली साध्या कपड्यातला, बारीक केस कापलेला एकजण पुढे आला, खिशातलं कार्ड दाखवलं आणि म्हणाला, ‘‘आई, आत्ताच पुढे एका बाईची चेन खेचलीय. साहेबांची ऑर्डर आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा.’’ पाटल्या सासूनं चढवलेल्या, मनगटात रुतून बसलेल्या. निघेनात. तर त्यानं दुकानातून तेलाची पुडी आणली, स्वतः तिच्या हाताला तेल चोळलं आणि हळूहळू पाटल्या उतरवल्या. ‘‘दुखत नाही ना, आई?’’ असंही विचारलं. मग कागदात गुंडाळून पुडी तिच्या पिशवीत ठेवली. घरी येऊन उघडली, तर आत खडी.

शहाण्यांनी हसू नये. जिचा जन्म रस्त्याच्या कडेला बसून मासे विकण्यात गेला, तिला डोक्यावरून कोणी ‘ऊठ’ म्हटलं की उठायची सवय असते. पालिकेची गाडी आली, पाटी उचल. साहेब आला, पाटी उचल. विचारायचं नसतं. तो शहाणपणा त्या मेल्यानं बरोबर हेरला होता.

घरी मुलगा सुदेश म्हणाला, ‘‘अगं आई, जाऊ दे ना, तू सुखरूप आलीस.’’ सून दक्षता उठून आत गेली. पाटल्या पुढे तिच्याच हातात जायच्या होत्या. बाजारात मात्र शेजारच्या बायकांनी वर्षभर मीठ चोळलं. भाव करताना जनाबाईनं जरा आवाज चढवला की कोणीतरी हळूच म्हणायचं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ज्या जनाबाईला अख्ख्या कोपरीत कोणी टोपी घातली नव्हती, ती मान खाली घालून कोलंबी सोलत बसायची. आणि सोलता सोलता तिच्या कानात तेवढं एकच वाजायचं, दुखत नाही ना, आई.

यंदा तिनं एक ग्रॅमच्या नकली पाटल्या घेतल्या, मुद्दाम घट्ट. साबण लावून कशाबशा चढवल्या. पदराच्या टोकाला चुलीतल्या राखेची गाठ मारली. कोळणीला राख कशाला, ते सांगायला नको. सापासारखी बुळबुळीत वाम साफ करायची तर हात राखेत घोळावा लागतो, नाहीतर ती सुळकन निसटते.

धनतेरसेला तो सापडला. त्याच स्पीकरखाली, त्याच बारीक केसांत. जनाबाई सरळ त्याच्यासमोरून गेली आणि कंदिलांच्या दुकानापाशी रेंगाळली. तिला एकच धास्ती होती. आता हा ओळखणार आणि पळणार.

‘‘आई,’’ तो म्हणाला, ‘‘पुढे जाऊ नका. एका बाईची चेन खेचलीय.’’

तोच सूर, तेच शब्द. जनाबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं ती कुठंच नव्हती. वर्षभर हिनं त्याला उशाशी घेऊन रात्री काढल्या आणि त्याला हिचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं. पाटल्या गेल्या त्यापेक्षा या विसरण्याचा तिला जास्त राग आला.

‘‘निघत नाय रं बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘तेल घेऊन ये.’’

तो तेल घेऊन आला. तिच्या हाताला चोळून पाटली ओढू लागला. जनाबाईनं दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडली, मूठ राखेत घोळली आणि त्याचं मनगट धरलं. त्यानं हिसका दिला. पुन्हा दिला. पलीकडे मोटरसायकलवर बसलेल्या त्याच्या जोडीदारानं ते पाहिलं आणि तो गाडी काढून पळाला.

‘‘पोलिसाला बोलवा,’’ जनाबाईनं दुकानदाराला सांगितलं. ‘‘खऱ्या.’’

गर्दी जमली. दोघातिघांनी बाह्या सरसावल्या. जनाबाईनं त्यांना नजरेनंच थांबवलं. ‘‘कोनी हात लावायचा नाय. हा माजा हाय.’’ मग ती त्याच्याकडे वळली. ‘‘बोल. मी कोन?’’

‘‘मावशी, चुकी झाली. सोडा.’’

‘‘चुकी ठेव बाजूला. मना वलख, मग सोडते.’’

तिची पकड आणखी आवळली. त्याच्या बोटांत मुंग्या आल्या असाव्यात, कारण तो आठवू लागला. ‘‘डोंबिवलीच्या? फडके रोडवर, मोहनमाळ?’’

‘‘नाय.’’

‘‘कल्याणच्या का? टिळक चौकात... बोरमाळ होती, बरोबर नात होती.’’

‘‘नाय.’’

एव्हाना बंदोबस्तावरची महिला पोलीस गर्दीतून वाट काढत आली होती. तिनं मोबाइल पुढे धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. त्याला ते दिसत होतं, पण मनगट जास्त दुखत होतं. मग आंबिवलीची एक निघाली, नवऱ्याच्या औषधाला निघालेली. नौपाड्याची एक निघाली, जिनं रिकाम्या हातांनी त्याला वर आशीर्वाद दिला होता. एकेका बाईबरोबर तो स्वतःच स्वतःला अडकवत चालला होता आणि गर्दीतल्या बायका आपापल्या गळ्यावर हात ठेवून ऐकत होत्या. गेली दिवाळी म्हटलं असतं, हाच स्पीकर म्हटलं असतं, तरी त्याला आठवलं असतं. जनाबाई फक्त ‘नाय’ म्हणत राहिली.

शेवटी त्याच्या आठवणीतल्या बायका संपल्या. तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. ‘‘आई, खरंच नाही आठवत.’’

‘‘मावशी, पुष्कळ झालं,’’ पोलीस बाई म्हणाली. बेडी काढून ती जनाबाईची बोटं सोडवू लागली. ‘‘आता जन्मभर निस्तरेल एवढं बोललाय तो. सोडा.’’

जनाबाईनं मूठ आणखी घट्ट केली.

‘‘थांब बाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात मी अजून आले नाय.’’