डोळंआईचा कौल

इचलकरंजीत मागांच्या शेडांना लागून लूसीबाईचं देऊळ आहे. देऊळ आपलं म्हणायचं. खरं ते चॅपेल, गोव्याहून आलेल्या एका फिटरनं पत्रा घालून उभं केलेलं. ही बाई येशूची भक्त. लग्नाला नाही म्हणाली म्हणून सतराशे वर्षांमागं रोमच्या राज्यात तिचा जीव घेतला. ओढून न्यायला बैल जुंपले, तरी जागची हलली नाही. ते बैल चिकोडीच्या बाजारातले होते, एवढं मात्र माझं संशोधन.

तिच्या हातात ताटली, ताटलीत दोन डोळे. म्हणून सगळ्या पेठेची ती डोळंआई. लिंगायत, मुसलमान, बौद्ध, सगळे येतात आणि तिला कौलही लावतात. शेवंतीची एकेक ओली पाकळी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. महिन्यातून एकदा येणारे फादर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात तिच्या सणासाठी मूर्ती रंगवली ती मी, पिराजी पेंटरनं. रंग पुरेना, तेव्हा त्यात घरातलं शेंगतेल ओतलं.

सण झाला आणि दुसऱ्याच दिवशी रक्षिताच्या डोळ्याला धोटा लागला. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारं टोकदार लाकूड. सुटला की माणूस बघत नाही. पोरगी विशीतली, शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायची. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा सुटलाय, परवा सकाळपर्यंत ऑपरेशनला आणा, नाहीतर डोळा गेला.

तिची आई शांतव्वा म्हणाली, आधी कौल. पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, रुद्रय्याला, डोळंआईला न विचारता ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं. तो आंधळा होऊनच घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्या लावल्या. एरवी अर्ध्या तासात निकाल. त्या दिवशी सकाळ गेली, दुपार गेली, एक पाकळी हलेना. लोक म्हणाले, आई विचार करतीया. मला तासाभरातच कळलं होतं. तेलामुळं रंग वाळलाच नव्हता, पाकळ्या त्यात रुतल्या होत्या. मी गप्प बसलो. सांगितलं असतं तर लोकांनी पायताण काढलं असतं. दिवसभर पायताणाचा विचार केला, पोरीच्या डोळ्याचा नाही.

तिसरा दिवस उजाडला. शांतव्वानं कालपासून पाणी घेतलं नव्हतं. रक्षिता भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यात खालनं वर काळं चढतंय, एवढंच तिनं एकदा सांगितलं. दुपारी मला राहवेना.

"शांतव्वाक्का, पाकळी न्हाई पडायची. रंग वला हाय. मी तेल घातलंय त्यात."

तिनं वर पाहिलं नाही. "गेल्या साली मगरीवर बसून पंचगंगा वलांडली म्हनत हुतास."

"ते खोटं हुतं."

"आणि ह्ये?"

"ह्ये खरं हाय."

"तुझं दोन्ही सारखंच ऐकू येतंय, बाबा."

मी वळून देवळातल्या एकेकाकडं पाहिलं. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. मूर्तीला हात लावला की कौल मोडतो, म्हणून बोट टेकवून बघायलाही कुणी तयार नव्हतं.

रुद्रय्या उठला. भिंत चाचपत मूर्तीपाशी गेला. लोक ओरडले, शांतव्वानं त्याचं धोतर धरलं. त्यानं डोळंआईच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि बोटं नाकाशी नेली.

"शेंगतेल हाय," तो म्हणाला.

"कौल मोडलासा तुमी," शांतव्वा म्हणाली. "आता आईचं म्हननं मला कसं कळायचं?"

"आईला ह्यानं बोलूच दिलं न्हाई. ऊठ."

ती उठली नाही. आईच्या पायांवर डोकं आपटत राहिली, कपाळभर हिरवा रंग माखला. शेवटी रक्षिताच दुखरा डोळा झाकून जवळ आली आणि म्हणाली, "अव्वा, मी जातो. तू येतीस का?" तेव्हा कुठं शांतव्वानं तिचा हात धरला.

मिरजेला निघालेल्या टेम्पोत मीही चढलो. मला कुणी उतर म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. जयसिंगपूरपाशी रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी संपता संपेना. शांतव्वा एकेक डबा जाताना बघत होती.

रक्षितानं माझ्याकडं तोंड केलं. "पिराजीमामा, अजून येळ हाय न्हवं?"

डॉक्टरांची सकाळ कधीच सरली होती.

"हाय की," मी म्हणालो.

शांतव्वानं माझ्याकडं पाहिलं. मग पोरीच्या डोक्यावर पदर ओढत तिनंही सांगितलं, "हाय, बाळा. मामा खरं सांगत्यात."