साहेबांच्या खांद्यावरची फीत

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. पण बाजारात हातभर मोजून कापून देतात, तसली नव्हे. येवल्याच्या मागावर जन्मले आहे मी! यशोदाबाईंनी एक पैठणी विणली. साडी मागावरून उतरली आणि शेवटाला वीतभर नारळी काठ उरला. तीच मी.

त्याच दिवसांत गल्लीतल्या मुलांनी यशोदाबाईंच्या ओट्यावर पोलीस ठाणं काढलं होतं. खेळच तो, पण शिस्त अशी की खऱ्या पोलिसांनीही येऊन बघावी. शिपायाच्या दंडावर एक सुती पट्टी आणि काम म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या रेशमाच्या लड्यांपाशी पहारा. तीन पट्ट्यांच्या हवालदाराने गस्त घालायची आणि वहीत नोंद करायची. फौजदाराने तक्रार ऐकून चौकशी करायची. आणि निरीक्षक, म्हणजे साहेब, निकाल देणार. साहेबांच्या खांद्यावर कोण? मी! यशोदाबाईंनीच मला मुलांना देऊन टाकलं होतं. शिपाई सलाम ठोकतात ते मलाच, असं मी आपलं धरून चालले होते.

पहिला साहेब महेश. मुलगा हुशार, आवाज खणखणीत. "लड्या ओल्या असताना गल्लीत कोणी सायकल आणायची नाही," हा हुकूम त्याचाच.

एका दुपारी पहाऱ्यावरची निकिता शिपाई पाणी प्यायला घरात गेली. तेवढ्यात महेश स्वतःच सायकलवरून आला. साहेबांना कोण अडवणार? हँडल दोरीत अडकलं आणि जांभळ्या रंगातून नुकत्याच काढलेल्या दोन लड्या धुळीत लोळल्या. एक जाता जाता माझ्यावरून घसरली. माझ्या सोनेरी जरीवर जांभळा डाग पडला. महेशने इकडेतिकडे पाहिलं, मला उलटी करून पिन लावली आणि तिथून धूम ठोकली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी ओट्यावर ठाणं भरलं.

"लय कष्टाचं रेशीम हाय रे पोरांनो," यशोदाबाई म्हणाल्या. "धुतलं तरी गुंता सोडवायला दोन दिस जातील माझे."

फौजदार हर्षालीने चौकशी केली. पहारा निकिताचा होता, आणि पहाऱ्यात चूक झाली की पट्टी जाते. एकदा पट्टी गेली की वर्षभर ठाण्यात पाऊल टाकायचं नाही, असा नियम. तीन महिने रोज विनवण्या केल्या, तेव्हा कुठे निकिताला ती पट्टी मिळाली होती.

"मी फक्त पाणी प्यायला गेले होते गं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"साहेब, निकाल द्या," हर्षाली म्हणाली.

मला वाचा असती तर मी तिथेच ओरडले असते. मग महेशने पिन काढली, मला सुलटी केली आणि डाग वर धरून मला हर्षालीच्या हातावर ठेवलं.

"लड्या मी पाडल्या," तो म्हणाला. "निकिताची पट्टी राहू दे. मला शिपायाची पट्टी द्या."

दोन दिवस तो यशोदाबाईंच्या शेजारी मांडी घालून गुंता सोडवत बसला. पुढे महिनाभर दोरीपाशी उभा राहिला. "उन्हाकडे पाठ कर महेशदादा, म्हणजे दोरीची दोन्ही टोकं दिसतात," हे त्याला निकितानेच शिकवलं. खरं सांगते, त्याच्या खांद्यावर असताना वाटला नव्हता, एवढा त्याचा अभिमान मला खांद्यावरून उतरल्यावर वाटला.

नंतर यशोदाबाई नवीन, बिनडागाचा काठ द्यायला निघाल्या होत्या. "नको आजी, हीच हवी," आता साहेब झालेल्या हर्षालीने सांगितलं. तेव्हापासून आमच्या ठाण्याची रीत पडली आहे. नव्या साहेबाला मी लागते ती सर्वांत नव्या शिपायाच्या हातून, आणि शिपाई आधी डागावर बोट ठेवून विचारतो, "साहेब, हे दिसलं का?" साहेबाने "दिसलं" म्हटल्याशिवाय पिन लागत नाही.

यंदा मी निकिताच्या खांद्यावर आहे. माझी सोनेरी जर थोडी उसवली आहे, कडा विरल्या आहेत. मित्रांनो, मला कसरीपासून जपा, ओलाव्यात टाकू नका. तो जांभळा डाग मात्र कुणी धुऊ नका. सोनेरी जर मला यशोदाबाईंनी दिली. डाग मी नोकरीत कमावला आहे.