पांढऱ्या कोटावरचे डाग

गल्लीतले लोक त्यांना कडकराव म्हणत. एक तर त्यांच्या लाँड्रीतून आलेला शर्ट खुर्चीवर ठेवला तरी ताठ बसेल असा असे, आणि दुसरं म्हणजे खुद्द मालकांचा चेहराही त्याच खळीत बुडवून काढलेला. बायको गेली तेव्हाही या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. चौदा वर्षांची लेक आत्याच्या मांडीवर रडून रडून अर्धी झाली होती, आणि हे आपले तिच्या आईच्या कपड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवत होते. लेकीने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ती विसरलीही नाही.

आता ती शिकून मोठी झाली होती, आणि कडकरावांनी खोकला अंगावर काढला होता. शेवटी तिनेच त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. फुप्फुसात जंतूंनी ठाण मांडलं होतं. डॉक्टरबाईंनी सहा महिन्यांचं अँटिबायोटिक लिहून दिलं आणि आधीच बजावलं, "या गोळीने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी, सगळं नारिंगी होईल. घाबरायचं नाही आणि मनाने गोळी बंद करायची नाही. पण उलट्या थांबेनात, भूक मेली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच यायचं."

"घामाचं बघू," कडकराव म्हणाले. "डोळ्यांतल्या पाण्याची काळजी नको. तो माल आपल्याकडे नसतो."

डॉक्टरबाई हसल्या. लेकीला हसू आलं नाही.

घामाने मात्र खरंच घोळ घातला. आठवड्याच्या आतच एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर नारिंगी ठिपका पडला. उभ्या आयुष्यात या दुकानातून डाग घेऊन कपडा बाहेर गेला नव्हता. कडकरावांनी गोळ्यांचं पाकीट उचलून कोपऱ्यात भिरकावलं.

"मेलो तरी चालेल, दुकानाची अब्रू नाही घालवणार."

"मेलात तर दुकान कोण चालवणार? मी?" लेक कडाडली. तिने जुना टॉवेल फाडून कपाळाला आणि मनगटांना बांधायच्या पट्ट्या शिवल्या, इस्त्रीच्या टेबलाजवळ आणखी एक पंखा लावून घेतला आणि समोर उभं राहून गोळी गिळायला लावली. पट्ट्या बांधलेले कडकराव कुस्तीला निघाल्यासारखे दिसत. पण त्यानंतर दुकानातल्या एकाही कपड्यावर ठिपका पडला नाही.

थंडी सुरू झाली आणि लेकीला दूरच्या शहरात एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिने भीत भीत सांगितलं. बाबा कॉलरवर इस्त्री फिरवत होते, ते थांबलेसुद्धा नाहीत.

"जायचं तर जा. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तिला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा म्हणावं, तू गेलीस की घर खायला उठेल. एकदाच. मग ती हसत गेली असती. पण निघेपर्यंत बाबांनी तिकीट, कुलूप, बॅगेचं वजन, असल्याच गोष्टी काढल्या. निघायच्या सकाळी थंडीने कुडकुडत, स्वेटर घालून त्यांनी तिच्या कामावरच्या पांढऱ्या कोटाला स्वतः इस्त्री केली, तो कागदात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवला, आणि गिऱ्हाईक यायचंय म्हणून स्टँडवर सोडायलाही आले नाहीत. या माणसाला माणसं नकोतच, घड्या घातल्या की झालं, असं गाडीत बसल्यावर तिच्या मनाने घेतलं. वाटभर ती खिडकीकडे तोंड करून बसली.

नव्या खोलीत, कामाच्या पहिल्या सकाळी तिने कागद सोडला. बाह्यांची घडी सुरीसारखी धारदार होती. आणि खिशाच्या जरा वर दोन नारिंगी ठिपके होते.

तिने कोट खिडकीशी नेला. ठिपक्यांभोवतीचं कापड घासून घासून विरल्यासारखं झालं होतं. म्हणजे बाबांनी ते पाहिले होते, काढायचा प्रयत्नही केला होता, आणि निघेनात तेव्हा तसाच कोट दिला होता. तिने लगेच फोन लावला.

"गोळी घेतली, बाबा?"

"घेतली. भूक आहे, डोळे पिवळे नाहीत. झालं समाधान?"

"कोटावर डाग आहेत."

पलीकडे इस्त्रीची वाफ फुसफुसली.

"घामाचे असतील."

"तुम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतात, बाबा."

"मग असतील कशाचे तरी! परत पाठव तो कोट, दुसरा घेऊन देतो. डाग पडलेला कपडा माझ्या दुकानातून कधी..." वाफेचा आवाज थांबला. "घर खायला उठतं गं," ते म्हणाले.

तिला हुंदका आला, आणि हसूही. "डोळ्यांसाठीसुद्धा पट्टी शिवून पाठवू का?"

"पट्टी नको," बाबा म्हणाले. "सुट्टी मिळाली की तूच ये."

तिने डोळे पुसले, कोट तसाच अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि कामावर गेली.