पाचवी जबानी

जावई येणार असले की मी दुधाच्या पिशवीवरची तारीख आधीच बघून ठेवते. ते बघणारच. विमा कंपनीत अपघातांची चौकशी करणारा माणूस. खुर्चीत बसायच्या आधी तिचे पाय हलवून बघतो. लेकीला मागणी घालायला आले तेव्हा खरं तर चौकशी आम्ही करायची, तर हेच महाशय आमच्या जिन्याचा कठडा तपासत उभे.

त्या शनिवारी ते आले आणि चहाच्या आधी बायबल मागितलं. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी नातीचा बाप्तिस्मा होता. आईबापांनी लेकराला घेऊन उभं राहायचं, आणि पाळकसाहेबांनी “विश्वास आहे?” विचारलं की “हो” म्हणायचं. त्याआधी आमचे हे गाणार होते. हे गाऊन उपदेश करतात. थोडं बोलायचं, मग पद, मग पुन्हा बोलणं. मी लग्न त्या आवाजाशी केलं, माणूस नंतर कळला.

स्वयंपाकघरात लेक हळूच म्हणाली, “आई, तो म्हणतो ‘हो’ म्हणजे सही. न तपासता सही करत नाही. आज तपासणार आहे.”

“आणि पटलं नाही तर?”

“गप्प उभा राहीन म्हणतो.”

“लेकराला कडेवर घेऊन? सगळ्या चर्चसमोर?”

तिचे डोळे भरलेले होते. मी ट्रे उचलला आणि बाहेर गेले. बाप्तिस्मा मोडायलाच आलाय हा, असं माझ्या मनानं पक्कं घेतलं.

बाहेर सुरू झालंच होतं. “पप्पा, येशूच्या दोन्ही बाजूंना क्रुसावर टांगलेले ते लुटारू,” जावई म्हणत होते. “येशूची गोष्ट लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय आणि मार्क म्हणतात, दोघेही त्याची टिंगल करत होते. लूक म्हणतो, एकच करत होता. दुसऱ्यानं त्याला दटावलं आणि येशूला म्हणाला, माझी आठवण ठेव. योहान तर त्यांच्या तोंडून चकार शब्द काढत नाही. यातलं खरं कोणतं?”

हे हसले. “एवढंच ना? आधी दोघेही टिंगल करत होते. मग एकाची नजर खाली गेली. तिथं येशूची आई मरिया, लेकरासाठी रडत उभी. त्याला स्वतःची आई आठवली, आणि तो विरघळला!” एवढं बोलून ह्यांनी सूर धरला आणि पदच सुरू केलं. या पदाला अख्खं चर्च डोळे पुसतं. ट्रे हातात घेऊन मीही पुसले.

जावयांचे डोळे कोरडे ठणठणीत. “कुठं लिहिलंय हे?”

“लूकमध्ये.”

“नाही.”

“मग योहानात असेल. आई तिथं आहेच.”

“आई आहे. पण लुटारू तिच्याकडे बघत नाही. मी चारही वाचून आलोय.”

“जावईबापू, तुमचा जन्म नव्हता तेव्हापासून मी हे पद गातोय!”

“म्हणून तर विचारतोय.”

मी ट्रे आपटलाच. “अहो, चौघांचं जुळत नाही म्हणून काय देव खोटा? आमच्या लग्नाची गोष्ट विचारा, मी एक सांगेन आणि हे भलतंच सांगतील!”

“आई, न जुळण्याचा मला त्रास नाही,” जावई शांतपणे म्हणाले. “चार जबान्या शब्दाला शब्द जुळल्या, की आम्ही ओळखतो, कुणीतरी चौघांना एका खोलीत बसवलं होतं. ह्या चौघांना बसवलेलं दिसत नाही. तेवढ्यानं ते खरे ठरत नाहीत, ते वेगळं. पण माझा संशय पाचव्यावर आहे.”

“पाचवा कोण?”

“हे पद. ह्यात सगळं फारच छान बसतं.”

ह्यांनी बायबल ओढून घेतलं, चष्मा चढवला. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. सापडणार, याची मला खात्री होती. पाळकसाहेबांनी स्वतः एकदा उपदेशात तो लुटारू आणि ती आई सांगितली होती!

उन्हं उतरली तेव्हा हे म्हणाले, “अगं, नाहीये.”

“नीट बघा.”

“माझी आई गेली, त्याच वर्षी पद बांधलं मी. बांधता बांधता मीच घातलं असणार. मग इतकी वर्षं गायलो, की वाचल्यासारखंच वाटायला लागलं.”

जावई गप्प. मला तर जास्तच संशय आला. जिंकलेला माणूस गप्प कशाला बसेल? उद्याच्या गप्प राहण्याची तयारी असणार.

लेक म्हणाली, “पप्पा, उद्या दुसरं काहीतरी गा.”

“बघू.”

रविवारी ह्यांनी तेच पद धरलं. टिंगल करणारे लुटारू आले, आता मरिया येणार, तर हे थांबले. पेटीवाला आपल्या नादात पुढं गेला आणि चाचपडत थांबला.

“इथं मी तुम्हाला एक आई दाखवत आलो,” हे म्हणाले. “तिच्याकडे बघून विरघळणारा लुटारू शास्त्रात नाही. तो मी घातला. दोघांनी लिहिलंय, दोघेही टिंगल करत होते. एकानं लिहिलंय, एकजण म्हणाला, आठवण ठेव. मधे काय झालं, मला माहीत नाही.”

पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं फुकट रडले?”

लोक हसले. हे नाही हसले. “फुकट नाही, बाई. आई माझी होती.”

मग टिंगलीवरून ह्यांनी थेट ‘आठवण ठेव’ ही विनवणी गायली. मधल्या जागेत नुसता पेटीचा सूर. त्या रिकाम्या जागेत मला असं रडू फुटलं, की पदरही हाताशी येईना.

बाप्तिस्म्याची वेळ झाली. पाळकसाहेबांनी विचारलं. लेक “हो” म्हणाली. जावई गप्प. नातीनं त्यांचा टाय तोंडात कोंबला होता. लेक खाली बघत होती, आणि मी पुढचा बाक घट्ट धरला. जावई पाळकांकडे नव्हे, ह्यांच्याकडे बघत होते. खुर्चीचे पाय बघतात तसे. मग म्हणाले, “हो.”

पाळकसाहेबांना कमी ऐकू येतं. “काय?”

“हो म्हटलं!”

बाहेर अंगणात जावयांनी ह्यांना बाजूला घेतलं. मीही नातीचं टोपडं सारखं करायच्या निमित्तानं जवळ गेले.

“पप्पा, ते थांबणं आयत्या वेळी सुचलं, की माझ्याकडून ‘हो’ काढायला ठरवून केलंत?”

ह्यांनी नातीला त्यांच्या हातातून घेतलं. “करा चौकशी. मी कुठं पळून जात नाही.”

तो “हो” देवाला होता, ह्यांना होता, की बायकोच्या धाकानं, ते मी अजून विचारलेलं नाही. पुढच्या शनिवारी जावई आले. दुधाची तारीख बघितली, खुर्ची हलवून बघितली. बायबल मी आपणहून काढून ठेवलं होतं.