शून्य मार्कांचा कॉल

दिवसभर दुसऱ्यांनी घेतलेल्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मार्क द्यायचे, ही माझी नोकरी. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात मला सगळे ‘सासूबाई’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. मार्क दिल्याशिवाय कॉल कुणी घेतला होता हे स्क्रीनवर दिसत नाही, त्यामुळे माझ्याकडे वशिला चालत नाही. शून्य मिळालं की नोकरी गेल्यातच जमा. कुणी ताणाचं रडगाणं लावलं की माझं ठरलेलं उत्तर, “आपलं डोकं आपणच सांभाळायचं, बाई.” माणसं कमी पडली की सकाळी दोन तास मीही कॉल घेते, वर ही ऐकायची ड्युटी. कुरकूर कधी केली नाही.

आज जेवून बसले आणि पहिलाच कॉल ऐकायला लावला. एका वयस्कर गृहस्थांना बायकोच्या नावावरचा नंबर बंद करायचा होता.

“माझी बायको वारली हो. मंगळवारी.”

“बरं सर. त्यांना फोन द्या.”

“अहो, ती वारली म्हणतोय मी!”

“हो सर, कळलं. पण नंबर त्यांच्या नावावर आहे. त्यांनाच बोलावं लागेल.”

गृहस्थ रडायला लागले. “आणखी काही मदत करू शकते का?” असं विचारून बाईनं फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. काय बाई आहे ही! शून्य दिलं, शेरा लिहिला, ‘हिला आत्ताच्या आत्ता फोनवरून उठवा.’ बटण दाबलं आणि नाव उघडलं.

माझं. वेळ, आज सकाळी दहा चाळीस.

पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. आवाज माझाच होता, पहिल्यांदा ऐकताना तो ओळखूही आला नव्हता, आणि मला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता. तीन तासांपूर्वी माझ्या कानाशी एक माणूस रडला होता!

तशीच उठून साहेबांकडे गेले. ऐकून तेही हादरले, पण लगेच सावरले.

“पाच मार्क करा आणि विसरून जा. तुमच्याइतकं खंबीर इथे आहे कोण?”

“शून्यच राहू दे, साहेब. महिनाभर मला धड झोप नाही. घरीसुद्धा बोलले नाही. आज डॉक्टरकडे जाते.”

“बरं, जा. पण आधी त्या गृहस्थांना फोन करून माफी मागा,” म्हणत त्यांनी नंबर पुढे सरकवला.

मी त्यांच्या टेबलावरच्या हेडफोनला हात लावला आणि हात मागे घेतला.

“मी नको, साहेब. मी परत तेच बोलेन, अशी भीती वाटतेय मला.”