कोरे सोडलेले चार रकाने

मित्रांनो, नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात तळमजल्यावर सामानाची कोठी आहे. तिथल्या खालच्या फळीवर राखाडी पत्र्याची एक लांबट पेटी ठेवलेली आहे. झाकणाला पोचा आहे आणि तुटलेल्या कडीच्या जागी पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. ती पेटी म्हणजे मी, पाऱ्यावर चालणारा जुना रक्तदाबमापक. एवढ्या लांब नावाने मला कुणी कधी हाक मारली नाही. सगळे मला बीपीचं मशीन म्हणायचे आणि मी त्यावरच समाधानी होतो.

माझं अंग साधं आहे. उभी काचेची नळी, तिच्या कडेने आकडे, तळाशी पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा. पट्टा बांधून फुगा दाबला की पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि कोपराच्या खोलगटात स्टेथोस्कोप टेकवून ऐकत राहायचं. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके थांबतील तो खालचा. म्हणजे बघा, अर्धं काम माझं आणि अर्धं ऐकणाऱ्याच्या कानाचं. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या कानापाशीच अडली होती.

कारखान्यातल्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. ज्या माणसाने माझ्यात पारा भरला, त्याने तो बरोबर शून्यावर थांबला की नाही हे तीन-तीनदा वाकून पाहिलं होतं. त्या वाकण्याचा मला जन्मभर अभिमान वाटत आला. नंतर मी नांदेडच्या वजिराबादेत एका दुकानाच्या काचेमागे येऊन बसलो. तिथून मला नागुबाईंनी नेलं.

नागुबाई तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात नुकत्याच सिस्टर म्हणून लागल्या होत्या. उपकेंद्रातलं मशीन बंद पडलेलं, नवीन कधी मिळेल याचा पत्ता नाही. तेव्हा बाईंनी सरळ स्वतःच्या पगारातून मला आणलं. पुढे अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्या मांडीवर बसून एसटीने फिरलो. गावोगावच्या ओसरीवर, समाजमंदिरात, कधी लिंबाच्या झाडाखाली माझं झाकण उघडायचं आणि बायका भोवती गोळा व्हायच्या. "सिस्टर, माजं किती हाय बघा की," असं म्हणत बांगड्या मागे सारून हात पुढे करायच्या.

बाईंचे दोन नियम होते आणि ते त्या प्रत्येकाला बजावून सांगायच्या. "गोळी उपाशीपोटी घ्यायची न्हाई. आन् एक बी दिस सोडायची न्हाई." कुणी गोळी चुकवून वर घेतल्याचं खोटं सांगितलं, तर माझा पारा ते लगेच उघडं पाडायचा. साखराबाई नावाची एक म्हातारी दर वेळी शपथा खायची आणि दर वेळी पकडली जायची. बाई तिला म्हणायच्या, "साखराबाई, पारा काय तुजा पाव्हना न्हाई, तुजं मन राखायला." सगळ्या बायका हसायच्या, साखराबाईही हसायची, आणि महिनाभर तरी गोळ्या नीट घ्यायची. ते माझे भाग्याचे दिवस होते.

मग नागुबाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या मुरुडच्या घरातल्या कपाटावर गेलो. रबराला भेगा पडल्या, झाकणावर धूळ बसली. वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण मला पुन्हा खाली काढतील ते बाईंच्या स्वतःच्या दंडाला बांधण्यासाठी, हे कळलं असतं तर मी आनंदाने कपाटावरच राहिलो असतो.

बाईंना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तो सहासष्टाव्या वर्षी. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. दोन सकाळी, दोन रात्री जेवणानंतर. तरी वरचा आकडा एकशे सत्तर-ऐंशीच्या खाली उतरेना. त्यांची मोठी बहीण अशाच दाबाने अर्धांगवायू होऊन सहा वर्षं अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं बाईंनी स्वतःच्या हाताने केलं होतं, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांची मुलगी लुंबिनी नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात नोकरीला आहे. तिने आईला इथल्या डॉक्टर शिवशंकर स्वामींना दाखवलं. डॉक्टरांनी एक नवा इलाज सांगितला. मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांभोवती बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. काही माणसांत ते दाब वाढवा, दाब वाढवा असे निरोप देत सुटतं. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी तिथपर्यंत न्यायची आणि आतून उष्णता देऊन ते तंतू शांत करायचे. मोठी चिरफाड नाही, दवाखान्यात एक मुक्काम.

"पण त्याआधी मला खात्री पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "चारही गोळ्या रोज पोटात जाऊनसुद्धा दाब चढाच राहतो, हे दिसलं पाहिजे. रक्त, लघवी, मूत्रपिंडाचे फोटो हे तर करूच. शिवाय पंधरा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. गोळ्या रोज घेता ना, मावशी?"

"हाव. मी सिस्टर होते, साहेब," नागुबाई म्हणाल्या.

लुंबिनीने आईसोबत घरी येऊन बाबांना हे बोलणं जसंच्या तसं पुन्हा ऐकवलं, तेव्हा मी कपाटावरून ऐकत होतो. बाईंनी त्या वेळी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. का, ते मला पुढे कळलं.

मोजायचं काम त्यांच्या नवऱ्याकडे, व्यंकटीकाकांकडे आलं. काका एसटीचे ड्रायव्हर होते. तेहतीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचा उजवा कान थोडा मंद झालेला. बाईंनी मला खाली काढलं, नवा फुगा बसवला आणि काकांना ठोका ओळखायला शिकवला. काका डोळे मिटून, श्वास रोखून ऐकायचे. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवावा तशी हळूहळू हवा सोडायचे. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं.

दिवस वर्षावासाचे, म्हणजे बौद्धांच्या पावसाळी व्रताचे होते. नोकरी असताना बाईंना कधी उपोसथाचा उपवास पाळता आला नव्हता. कुठे बाळंतपण, कुठे लसीकरण, वेळेचा नेम नसायचा. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं होतं की वर्षावासाच्या तीन महिन्यांत अष्टमी, पौर्णिमा आणि अमावस्येला पांढरं लुगडं नेसून विहारात जायचं, अष्टशील म्हणजे आठ नियमांचं व्रत घ्यायचं आणि दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही. हा त्यांचा मोठा आनंद होता. पण रात्री जेवण नाही म्हटल्यावर जेवणानंतरच्या गोळ्यांचं काय? त्यांचाच नियम होता, गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. म्हणून त्या दिवशी रात्रीच्या दोन्ही गोळ्या डब्यातच राहायच्या. दुसऱ्या नियमाकडे बाई कानाडोळा करायच्या.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पट्टा बांधला. पारा दोनशे चारवर आला आणि ठोका वाजला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी वही ओढली.

"नगा लिहू," बाई म्हणाल्या.

"का गं?"

"एवढं असन का कधी? तुमाला ऐकू येऊन नाही राहिलं नीट. मशीन बी जुनं झालंय. खोटा आकडा लिहून डॉक्टरला कशाला घोटाळ्यात टाकता?"

काकांनी वही मिटली. संध्याकाळी पुन्हा तसंच झालं. पौर्णिमेनंतरच्या दिवशीही तेच. असे चार रकाने कोरे राहिले. मला राग आला, हे मी कबूल करतो. मी खोटा नव्हतो आणि काकांचा कान ठोका बरोबर पकडत होता. पण मला तोंड नाही. काकांना तोंड होतं, तरी ते काही बोलले नाहीत. बाई विहारात गेल्या की ते हातातलं घड्याळ उजव्या कानाला लावून टिकटिक ऐकत बसायचे, मग डाव्या कानाला. ते बघवत नव्हतं.

पंधरवडा संपला. काकांनी मला रुमालात गुंडाळलं आणि लातूरहून नांदेडच्या एसटीत बाईंशेजारी बसून मला मांडीवर घेतलं. डॉक्टरांनीही घरचं मशीन सोबत आणायला सांगितलं होतंच.

डॉक्टरांच्या खोलीत महानंदा सिस्टरने आधी दवाखान्याच्या नव्या यंत्राने दाब घेतला आणि आकडा कागदाने झाकून ठेवला. मग काकांनी माझा पट्टा बांधला. "एकशे बाहत्तर," ते म्हणाले. सिस्टरने कागद काढला. एकशे बाहत्तरच होते. तीनदा घेतलं, तिसऱ्यांदा दोनाचा फरक आला.

"मशीन उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, तुमचा कानही. मग हे चार रकाने कोरे का?"

काका खाली बघत म्हणाले, "माजीच चूक, साहेब. मला ऐकू कमी येतं. वंगाळ आकडा येऊ लागला की मी सोडून देलो."

बायकोला कुणी बोल लावू नये म्हणून या माणसाने आपल्या चांगल्या कानाला दुसऱ्यांदा बहिरं ठरवलं. नागुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या, तपासणीला आलेले वरिष्ठ साहेब उपकेंद्रात शिरले की उभ्या राहायच्या तशा.

"त्यांचा कान चांगला हाय, साहेब. मशीन बी खरं हाय. मी गोळ्या सोडल्या. उपोसथाच्या रात्री जेवत न्हाई म्हणून घेतल्या न्हाईत, आन् पारा चढला की ह्यांच्या कानावर ढकललं. दोनशेच्या वर जात होता."

मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी लोकायला सांगायची, पारा काय पाव्हना न्हाई म्हणून."

डॉक्टर रागावले नाहीत. या गोळ्या रिकाम्या पोटी पाण्यासोबत घेतल्या तरी चालतात, असं त्यांनी सांगितलं. यातली एक अचानक सोडली तर दाब उसळी मारतो, आणि अशी उसळी जिवावर बेतू शकते, हेही सांगितलं. "आज तुम्ही बोलला नसता तर मी चुकीच्या वहीवरून निर्णय घेतला असता. आपण इलाजाची तारीख पुढे ढकलू. आणखी पंधरा दिवस मोजा, याच मशीनवर. नंतर मात्र ते आमच्याकडे जमा करा. काच फुटली तर पारा विषारी असतो, घरात नको."

माझं भवितव्य असं दोन वाक्यांत ठरलं. पण त्या घडीला माझं लक्ष स्वतःकडे नव्हतं.

मुरुडला परतल्यावर बाई विहारात भन्तेजींना, म्हणजे तिथल्या भिक्खूंना भेटल्या आणि येऊन काकांना सगळं सांगितलं. भन्तेजी हसून म्हणाले होते, आजारी माणसाला औषधाची मुभा बुद्धांनीच दिलेली आहे, एवढी वर्षं विचारलं का नाही? पुढच्या उपोसथाला बाईंनी अन्न घेतलं नाही. पण सूर्य मावळल्यावर काकांनी तळहातावर दोन गोळ्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोनशेचा आकडा आला नाही. पण एकशे सत्तरही हलला नाही. पंधरा दिवस, तीस रकाने, सगळे भरलेले आणि सगळे चढे. आता डॉक्टरांना खात्री पटली की हा इलाज बाईंना खरोखरच हवा आहे.

ठरलेल्या सकाळी बाई दवाखान्याचा हिरवा झगा घालून खाटेवर बसल्या होत्या. जांघेची जागा स्वच्छ केलेली, हातात सुई लावलेली, आणि आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही.

"सिस्टर," त्यांनी महानंदाला विचारलं, "उपाशी हाय मी. सकाळच्या गोळ्या घेऊ का ठेवू?"

"घोटभर पाण्यासोबत घ्या, मावशी. डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितल्यात."

बाईंनी गोळ्या घेतल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "एकदा मोजा तुमी. त्याला आज जमा करायचं हाय."

काकांनी मला शेवटचं उघडलं. दवाखान्याच्या गलबल्यात डोळे मिटले, ठोका ऐकला. "एकशे अडुसष्ट."

"लिहा," बाई म्हणाल्या.

काकांनी लिहिलं. लुंबिनीने माझं झाकण लावलं आणि महानंदा सिस्टरने बाईंना आत नेलं.

मित्रांनो, या इलाजाने दाब दुसऱ्याच दिवशी उतरत नाही, महिने लागतात आणि गोळ्याही चालूच राहतात. मी इथे फळीवर, पाऱ्याची जुनी यंत्रं गोळा करून नेणाऱ्या गाडीची वाट बघत पडलो आहे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरातल्या मोठ्यांचा दाब मोजा, आणि येईल तो आकडा लिहा, मनाला आवडो न आवडो. नाही आवडला तर ऐकणाऱ्याच्या कानाला बोल लावू नका. त्याला फार लागतं.

मागच्या आठवड्यात कोठीचं दार उघडलं. महानंदा सिस्टरसोबत व्यंकटीकाका आले होते. आता त्यांच्याकडे आकडे दाखवणारं नवं यंत्र आहे, कान लावावा लागत नाही. तरी ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, माझ्यासमोर वही उघडली आणि तीन महिन्यांनंतरचा आकडा बोटाने दाखवला. एकशे बेचाळीस.

"बघ," ते म्हणाले, "एक बी रकाना कोरा न्हाई."